नळीला हात लावू नका

गेल्या आठवड्यात क्लबमध्ये नव्यानं आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी मला मोबाइलवर विचारलं, ‘सर, पॉइंट टू-टूचं पिस्तूल किती दिवसांनी साफ करायचं?’ साधा प्रश्न आहे. पण तो वाचून सकाळी सकाळी माझं डोकं उठलं. फोन पालथा घातला आणि उत्तर न देताच शाळेला गेलो. याच एका प्रश्नाचं सरळ उत्तर मिळावं म्हणून मी सहा वर्षं एका माणसाच्या मागं लागलो होतो. त्यानं ते शेवटपर्यंत दिलं नाही. मग एकदा मीच माझ्या मनानं ते ठरवलं आणि त्याची भरपाई त्याच माणसाला करावी लागली.

त्या माणसाला आम्ही उस्ताद म्हणायचो. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, ते नाव त्यांच्यामागं इथवर आलं. खरं नाव लिंबराज. मूळचे भूमकडचे. फौजेत हत्यारं दुरुस्त करायचं काम केलं, निवृत्त झाले आणि नळदुर्गला हायवेवरच्या एका ढाब्यामागं खोली घेऊन राहिले. बायको, मुलं, शेती सगळं तिकडं भूमला आणि हे इकडं ट्रकांच्या हॉर्नमध्ये. कारण एकच, बापूसाहेबांनी काढलेला नेमबाजी क्लब. बापूसाहेब आमच्याकडचे मोठे बागायतदार. त्यांची कोंबड्यांची एक लांबलचक शेड बंद पडली होती. तिच्या एका टोकाला मातीचा ढिगारा घातला की झाली आमची रेंज. कितीही झाडलं तरी कोपऱ्यातून पिसं निघायची. पिस्तूल क्लबच्या परवान्यावरचं, बापूसाहेबांच्या खटपटीनं आलेलं, एकुलतं एक. मी शाळेत क्रीडाशिक्षक, म्हणून आपोआप क्लबचा सचिव झालो.

उस्ताद पहिल्यांदा शेडमध्ये आले तेव्हा मी पिस्तूल साफ करत बसलो होतो. रोज संध्याकाळी करायचो. तारेचा ब्रश, तेल, फडकं, सगळं जय्यत. हा किडकिडीत माणूस दारात उभा राहिला, चपला काढल्या आणि माझ्याकडं बघत म्हणाला, “काय करायलाव?”

“साफ करतोय.”

“किती गोळ्या झाल्या आज?”

“वीस.”

“आन् काल?”

“काल सुट्टी होती.”

“तरीबी केलं असंल?”

मी हो म्हणालो. माझ्या आवाजात थोडा अभिमानच असावा. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. खिशातून एक जुना टूथब्रश काढला. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दोन टूथब्रश असायचे, एक ओला, एक कोरडा, आणि नळदुर्गच्या स्टँडवर लोक त्यावरून त्यांना हसायचे. त्या ब्रशानं त्यांनी पिस्तुलात गोळी बसते तेवढीच जागा आणि तिच्या मागची पट्टी दोन मिनिटांत घासली, फुंकर मारली आणि पिस्तूल ठेवून दिलं.

“सर, तोंड रोज धुवायचं. घशात बोटं घालायची का रोज?”

घसा म्हणजे नळी. त्यांच्या भाषेत पिस्तुलाला तोंड होतं, घसा होता, पोट होतं. पॉइंट टू-टूच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं, ते नळीत आतून पातळ बसतं आणि मग पुढच्या गोळ्या त्याच्यावरून सारख्या जातात. ते खरवडून काढलं की नळी कोरी पडते. मग परत ते बसेस्तोवर तीसचाळीस गोळ्या कुठंही जातात. हे त्यांनी मला असं नीट कधीच सांगितलं नाही, मी पुढं तुकड्या-तुकड्यांनी जमवलं. ते फक्त म्हणायचे, “नळीला हात लावू नका.”

“मग कधी लावायचा?” मी विचारायचो.

“ती सांगंल.”

झालं. ती सांगंल! क्लबची नियमावली मला तालुक्याला द्यायची होती, तिच्यात ‘ती सांगेल’ असं लिहू? एकदा मी वैतागून शेडच्या भिंतीवर पाटी रंगवून घेतली, ‘नळीची स्वच्छता : दर पाचशे गोळ्यांनंतर’. दुसऱ्या दिवशी ‘पाचशे’ गायब. ओल्या फडक्यानं पुसलेलं. मी हजार लिहिलं. तेही पुसलं. तिसऱ्यांदा मी भांडायलाच गेलो.

“उस्ताद, काहीतरी आकडा असेलच ना जगात!”

“उन्हाळ्यात येगळा, हिवाळ्यात येगळा. या पेटीतल्या गोळीला येगळा, त्या पेटीतल्या गोळीला येगळा. आपल्याकडं धुरळा किती, ऊन किती. आकडा लिवला की माणूस बघायचं सोडतंय सर. आकड्याकडंच बघत बसतंय.”

मग त्यांनी खाली पडलेलं एक रिकामं काडतूस उचलून नाकाशी नेलं. ही त्यांची खोड. हुंगायचं, मान हलवायची आणि काय कळलं ते सांगायचं नाही. मला तर त्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटायचं.

पुण्याहून एक प्रशिक्षक तीन दिवसांच्या शिबिराला आले होते. इस्त्रीचा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, गोड बोलणं. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, प्रत्येक सरावानंतर नळी साफ झालीच पाहिजे. मुलामुलींनी माना वळवून उस्तादांकडं बघितलं. मी मनात म्हटलं, आता वाद घालू नका बाबा, प्रमाणपत्रं यांच्या सहीनं मिळायचीत. उस्तादांनी वाद घातलाच नाही. हात जोडून म्हणाले, “साहेब, तुमीच करून दावा.” पाहुण्यांनी नळी चकाचक केली. उस्ताद म्हणाले, “आता मारा.” पाहुणे चांगले नेमबाज होते, पण पहिल्या दहा गोळ्या कागदावर चारी दिशांना गेल्या. उस्तादांनी कागद बदलला. मग परत. आणि परत. चाळिसाव्या गोळीपाशी भोकं एका लिंबाएवढ्या जागेत आली. उस्तादांनी सगळे कागद ओळीनं भिंतीला लावले आणि चहा सांगायला निघून गेले. पाहुण्यांचं तोंड एवढंसं झालं. पाहुण्याशी असं वागायचं नसतं, हे माझं मत मी आजही बदलणार नाही. प्रमाणपत्रं यायला सहा महिने लागले.

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी एकदाच सांगितलं. उन्हाळ्याची दुपार होती, शेडचे पत्रे तापले होते आणि सराव बंद होता. फौजेत ते बावीस वर्षांचे असताना पलटणीच्या संघाची पिस्तुलं त्यांच्याकडं होती. साहेबानं शाबासकी द्यावी म्हणून ते रोज संध्याकाळी पुढच्या टोकातून लोखंडी गज घालून नळ्या घासायचे. दोन वर्षांत एका पिस्तुलाच्या नळीचं पुढचं टोकच झिजलं.

“ज्याचं पिस्तूल हुतं तो जवान लई भारी नेमबाज. एकाएकी त्याचं नेम चुकाय लागलं. त्याला वाटलं आपला हात गेला. संघातनं काढलं त्याला.”

“मग तुम्ही सांगितलं नाही?”

“न्हाय,” उस्ताद म्हणाले. “म्या गप बसलो.” आणि उठून शेडबाहेर गेले.

मनीषा आमच्याकडं आली ती जळकोटची. घरात मेंढरं, वडील वर्षातले सहा महिने कळपामागं. ती कॉलेजला नळदुर्गला यायची आणि एकदा मैत्रिणीबरोबर शेडमध्ये डोकावली. उस्तादांनी तिच्या हातात रिकामं पिस्तूल दिलं आणि दहा मिनिटं धरून उभं केलं. हात हलला नाही. त्या दिवसापासून उस्ताद तिचे झाले. मला कधी ‘बरं केलं’ न म्हणणारा माणूस तिला ‘बाळ’ म्हणायचा. तीन वर्षांत ती राज्य पातळीवर पहिल्या सहांत यायला लागली. पहिल्या तिनांत आली असती तर खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात लागली असती. घरी तिचं लग्न ठरवायला बसले होते. वडिलांनी सांगून टाकलं होतं, यंदा मेडल आलं तर नोकरी बघ, नाहीतर मुलगा बघू. पोरीला तेवढीच एक वाट होती आणि ती त्या एका पिस्तुलातून जात होती.

त्या वर्षी स्पर्धा नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली, पुण्याला. सहाव्या माळेला सराव झाला. पिस्तूल रंगात होतं, मनीषाही. उस्ताद खूश होऊन म्हणाले, “आता कुणी काय करू नका.” पिस्तूल बापूसाहेबांच्या बंगल्यावर लोखंडी कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली उस्तादांच्या करदोट्याला. अख्ख्या क्लबला ते माहीत होतं. पण सातव्या माळेला त्यांना सोयाबीन काढायला भूमला जायचं होतं. ते परस्पर तिकडून पुण्याला येणार होते. त्यांनी करदोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. “कुणाला सांगू नका तुमच्याकडं हाय म्हणून. दसऱ्याला संध्याकाळी काढायचं, पेटीत घालायचं, घेऊन यायचं. उघडायचं न्हाय.”

मी म्हणालो, “मी काय लहान आहे का उस्ताद?”

खंडेनवमीला आमच्याकडं लोखंडाची पूजा. विळा, खुरपं, नांगर, ट्रॅक्टर, आता जेसीबीसुद्धा. ज्याच्यावर पोट त्याला हळदकुंकू. क्लबची पूजा बापूसाहेबांच्या बंगल्यावर व्हायची, पण उस्ताद दरवर्षी छऱ्याचं पिस्तूल आणि रिकाम्या काडतुसांचं ताट मांडायचे. खरं पिस्तूल कपाटात. बापूसाहेबांना हे दरसाल खुपायचं. यंदा उस्ताद नव्हते.

“सर, किल्ली तुमच्याकडंच दिली असणार त्यांनी,” बापूसाहेब म्हणाले. “काढा बाहेर. पोरगी मेडलला चालली आन् हत्याराला कुंकू न्हाय? देवीच्या मुलखात?”

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण शेड त्यांची, परवान्याची खटपट त्यांची आणि समोर गावातली वीस माणसं चौरंगाभोवती बसलेली. मी कपाट उघडलं. वहिनीसाहेबांनी मनापासून पूजा केली. पळीनं पाणी, मग पंचामृताची दोन बोटं, हळद, कुंकू, झेंडूचं फूल. आम्ही आवरत आलो तर बापूसाहेबांनी स्वतः पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढला आणि म्हणाले, “आत बी पडू द्या की चिमूटभर.” आणि वहिनीसाहेबांनी चिमूटभर कुंकू आत सोडलं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. क्लबची मुलं, मनीषासुद्धा, आपापल्या घरच्या पूजेला गेली होती.

सगळे जेवायला उठल्यावर मी आतल्या खोलीत दार लावून पिस्तूल साफ करायला बसलो. आधी नुसतं कुंकू पुसायचं होतं. पण दही नळीत गेलं असेल, पाणी गेलं असेल, गंज चढेल, असं वाटायला लागलं. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, त्यातला माणूस म्हणत होता, स्पर्धेआधी नळी आरशासारखी हवी. मला एवढंच पाहिजे होतं. कुणीतरी सरळ उत्तर दिलं होतं! तारेचा ब्रश, तेल, कापड, दोन तास. शेवटी नळीतून खिडकीकडं बघितलं तर खरंच आरसा. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पुण्याला उस्तादांनी पेटी उघडली, नळी उजेडाकडं धरली आणि तशीच धरून राहिले. मनीषा कपडे बदलायला गेली होती.

“कुणी?” त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी टूथब्रश काढला आणि आतला कोपरा न् कोपरा घासायला लागले. पण मी दोन तास नुसती नळीच घासली होती, मागच्या फटींत तेल आणि कुंकू मिळून लाल चिखल झाला होता आणि खेळाडूंना बोलवायला सुरुवात झाली होती. नळी परत बसवायला चाळीस गोळ्या लागणार होत्या. स्पर्धेआधी चाचणीला पाच मिळतात.

बाकीचं लवकर सांगतो, कारण मला ते नीट आठवायचं नाही. पहिल्या तीसेक गोळ्या कागदभर फिरल्या. मनीषा दर वेळी स्वतःच्या मनगटाकडं बघायची. पुढं नळी बसली आणि नेम परत जागेवर आले, तर रिकामं काडतूस आत अडकलं. एकदा अडकलं तर पंच परत मारू देतात. दुसऱ्यांदा अडकलं तेव्हा दोन गोळ्या शून्य धरल्या. चार गुणांनी तिसरा नंबर गेला.

तिनं पिस्तूल उघडलं. बोटाला लाल लागलं.

“हे काय हाय?” ती म्हणाली. “कुणी केलं हे?”

पेटी माझ्या मांडीवर होती. मी तोंड उघडणार, मी शपथेवर सांगतो मी उघडणार होतो, तेवढ्यात उस्ताद म्हणाले, “म्या.”

“तुमी?”

“निघायच्या दिवशी. देवीचं नाव घेऊन कुंकू लावलं, मग वाटलं नळीबी जरा घासावी. चुकलं बाळ.”

किल्ली कुणाच्या करदोट्याला असते हे तिला माहीत होतं. मग ती ओरडली, सगळ्या लोकांसमोर. “तीन वर्षं मला नळीला हात लावू दिला न्हाय आन् आज स्वतः! माझं वाटुळं केलं तुमी!” आणि रडत बाहेर गेली.

मी उस्तादांना जिन्याखाली गाठलं. “हे काय केलंत तुम्ही?”

“बापूसाहेबाचं नाव निघालं तर पोरगी तिथं जाऊन भांडंल,” ते म्हणाले. “पिस्तूल त्यांचं, शेड त्यांची. पुढल्या साली ती कशानं खेळंल? उस्ताद दुसरा मिळंल. पिस्तूल एकच हाय.”

“आणि माझं नाव?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तुमचं तुमी बघा.”

त्यानंतर ते शेडमध्ये आले नाहीत. ढाब्यामागची खोली सोडली आणि भूमला गेले. मी जळकोटला जाऊन मनीषाच्या वडिलांच्या पाया पडून एक वर्ष मागून घेतलं. वर्षभर मी तिच्याबरोबर शेडमध्ये उभा राहिलो. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आत्ता सांगितलं तर तिचं लक्ष उडेल, स्पर्धा होऊ दे. स्पर्धा झाली. तिसरा नंबर आला, भरतीत नाव लागलं. मग वाटलं, आता सांगून काय करायचं.

सत्काराला नळदुर्गात मांडव घातला. बापूसाहेबांनी फेटा बांधला, हार घातला. मी स्टेजवर सचिवाच्या खुर्चीत. मनीषा बोलायला उभी राहिली, अंगात नवा निळा ड्रेस. आई-वडिलांचं नाव घेतलं, बापूसाहेबांचं घेतलं, माझं तर दोनदा घेतलं. मग म्हणाली, “मागच्या साली आमच्या जुन्या उस्तादांच्या हातनं चूक झाली. वय झालं होतं त्यांचं. माझं एक वर्ष गेलं, पण मी मनातनं माफ केलंय त्यांना.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी उस्ताद उभे होते. भूमहून कधी आले, कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. तेही टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या थांबल्या तरी दोन-तीन जास्त. मग वळून चालायला लागले.

मी स्टेजवरून उतरून मागं धावलो. स्टँडवर ते एसटीत चढून खिडकीशी बसले होते. मला धाप लागली होती.

“उस्ताद, खाली उतरा. आत्ताच्या आत्ता तिला सगळं सांगतो. तुमच्यासमोर. इतके दिवस तुमच्यासाठी गप्प होतो, तुम्हीच तसं सांगितलं म्हणून.”

“म्या?” ते म्हणाले. त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. “म्या बापूसाहेबाचं झाकलं, सर. तुमाला कवा अडवलं?”

कंडक्टरनं घंटी ओढली. ते खिडकीतून अजून माझ्याकडं बघत होते, रागानं नाही, पिस्तुलात कुठं काय अडकलंय ते शोधताना बघायचे तसे. गाडी निघून गेली.

मी मांडवात परत आलो. पंगत बसली होती. मनीषा हातात जिलब्यांचं ताट घेऊन स्वतः वाढत होती. माझ्यापाशी आली, माझ्या ताटात दोन टाकल्या आणि म्हणाली, “सर, कुठं गेला होता एकदम? कोण हुतं?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. “ओळखीचं एक माणूस होतं.”